खिशातला निखारा

आजच्या लेखाचा विषय पाहून काही वडीलधारी मंडळी नाराज होतील, हे मला ठाऊक आहे. ‘ई-सिगारेट’ हा शब्द कुटुंबाच्या पानावर कशाला, असं कुणी विचारीलही. पण ज्या घरांतली मुलं शिकायला पुण्याला, हुबळीला, बंगळूरला गेली आहेत, त्या घरांत हा शब्द आज ना उद्या येणारच. तो पोलिसांच्या किंवा डॉक्टरांच्या तोंडून येण्याऐवजी या पानावरून आलेला बरा.

आधी कायदा सांगते. कर्नाटक सरकारने जून २०१६ मध्येच या वस्तूवर बंदी घातली. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा, जाहिरात, सगळ्याला मनाई. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेच. म्हणजे सीमेच्या अलीकडे चालतं आणि पलीकडे चालत नाही, असा आपला नेहमीचा प्रकार इथे नाही. दोन्हीकडे बंदीच.

तरीही वस्तू मिळते. पेनासारखी, पेनड्राइव्हसारखी, कधी काडेपेटीएवढ्या डबीसारखी. वास चॉकलेटचा, पुदिन्याचा, आंब्याचा. आईच्या नाकाला तंबाखू कळते, आंबा कसा कळणार?

तंबाखू हा शब्द आला की आपल्या भागातल्या माणसाला निपाणी आठवते. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या सुपासमोर ज्यांच्या आज्या-पणज्यांचं आयुष्य गेलं, अशी मुलं माझ्या वर्गात आजही असतात. त्यांना निकोटिन म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. ई-सिगारेटमधलं निकोटिन हे त्याच पानाचं सत्त्व. फक्त पान जाळायचं नाही, तर निकोटिन मिसळलेला द्रव विजेच्या तारेने तापवून त्याची वाफ ओढायची. २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने हे यंत्र आजच्या रूपात घडवलं, असं मानतात.

या वाफेने फुप्फुसांचं काय होतं यावर डॉक्टर मंडळी लिहितात, लिहोत. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसाच्या एका गंभीर आजाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ माणसं दगावली. त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क घातलेला द्रव ओढला होता आणि त्यात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’वर मुख्य संशय होता, हेही खरं. मला आज लिहायचं आहे ते त्या यंत्राच्या पोटातल्या बॅटरीवर. ही गोष्ट मला इंदूरला कळली.

माझी मामेबहीण इंदूरला दिली आहे. तिच्या सासरची मंडळी होळकरांच्या वेळी तिकडे गेलेली. सहा-सात पिढ्या झाल्या तरी घरात मराठीच. मात्र ती इंदुरी मराठी, क्रियापदाच्या शेवटी हिंदीची फोडणी बसलेली. मे महिन्यात तिच्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं म्हणून मी आठवडाभर गेले. सकाळी पोहे-जिलेबी, रात्री सराफा, मधल्या वेळात राजवाडा. इतिहास शिकवणारीला राजवाड्यासमोर उभं राहिलं की गप्प बसवत नाही. हा वाडा तीनदा जळला. पहिल्यांदा १८०१ मध्ये, शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटलं तेव्हा. हे घाटगे कागलचे, म्हणजे आपल्याच वाटेवरचे! दुसऱ्यांदा १८३४ मध्ये आणि तिसऱ्यांदा १९८४ च्या दंगलीत. “तुमच्याकडच्या माणसाने आमचा वाडा जाळला,” असं बहिणीचे यजमान मला दर भेटीत ऐकवतात आणि मग स्वतःच जिलेबी पुढे करतात.

बहिणीचा मुलगा तिथेच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याची खोली गच्चीवर, वर पत्रा. लग्नघरात पाहुणे फार, म्हणून माझी बॅग त्याच्या खोलीत ठेवली होती. दुपारी काही काढायला गेले तर टेबलावर एक चौकोनी डबी, तिला छोटा पडदा, आणि शेजारी चार्जरमध्ये दोन सेल. आपल्या टॉर्चमध्ये घालतो त्याहून थोडे जाड आणि लांब. त्यातल्या एकाचं निळं वेष्टण काठाला फाटलेलं. खोलीत उभं राहवत नव्हतं इतका उकाडा.

तो मागून आला, क्षणभर गोरामोरा झाला, आणि मग तरुण मुलं करतात तेच त्याने केलं. लपवणं जमत नाही म्हटल्यावर समजावायला लागला.

“मावशी, तू तर उगाच घाबरते. हे साधं नाही आहे. यात टेंपरेचर कंट्रोल आहे. दोनशे डिग्रीवर सेट करून टाकलं की याच्या वर जातच नाही. फुल सेफ.”

मी एम. ए.वाली बाई. मला त्या पडद्यावरचे वॅट आणि ओहम काय कळणार? पण फाटलेलं वेष्टण आणि ‘फुल सेफ’ यांचा मेळ मला बसेना. मी परतल्यावर आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना विचारणार होते, तो धीर निघाला नाही. त्याच संध्याकाळी गच्चीवरून फोन लावला. सरांनी अर्धा तास मला शिकवलं. शेजारी भाचाही ऐकत होता, ते फार बरं झालं.

सर म्हणाले, बाई, तुमच्या घरचा जुना पिवळा बल्ब आठवा. तो बहुधा चालू करतानाच उडायचा, जळता जळता क्वचित. का? तार थंड असताना तिचा रोध कमी असतो, एकदम जास्त करंट घुसतो. तार तापली की रोध वाढतो. म्हणजे रोध मोजला की तार किती तापली हे ओळखता येतं, वेगळी तापमापी लागत नाही. या यंत्रात नेमकं हेच केलेलं असतं. तार निकेलची असेल तर शंभर अंश तापल्यावर तिचा रोध साधारण साठ टक्क्यांनी वाढतो. टायटॅनियमचा त्याहून कमी. स्टेनलेस स्टीलचा जेमतेम नऊ-दहा टक्क्यांनी. आणि कँथल नावाची तार, जी हीटरमध्ये वापरतात, तिचा जवळजवळ वाढतच नाही. म्हणून कँथलची तार घातली तर हा तथाकथित कंट्रोल चालूच शकत नाही. मुलं मात्र पडद्यावर आकडा दिसतो म्हणून निर्धास्त.

मग सरांनी भाच्यालाच विचारलं, तार कुठली घातली आहेस, आणि यंत्रात कुठली निवडली आहेस? त्याला तारेचं नाव सांगता आलं नाही. दुकानदाराने दिली ती घातली. कुठल्या दुकानदाराने, हे मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट सरांनी सांगितली ती मला जास्त पटली. यंत्र थंड तारेचा रोध ‘शून्य’ धरून पुढचा हिशेब करतं. तार नुकतीच वापरून गरम असताना बसवली, तर त्याचा पायाच चुकतो. गरम तारेलाच ते थंड समजतं, आणि तुम्ही दोनशे म्हणाल तेव्हा खरं तापमान त्याच्या पुष्कळ वर गेलेलं असतं. तारेभोवतीचा स्क्रू सैल असेल तरी रोध चुकीचा दिसतो. म्हणून तार बसवायची ती यंत्र पूर्ण गार झाल्यावर, आणि तिची जात यंत्राला खरी सांगायची. एवढं केलं तर कंट्रोलचा उपयोग आहे, नाही असं नाही. द्रव संपून कापूस कोरडा पडला की साध्या यंत्रात तार भसकन तापते, कापूस करपतो, द्रवातल्या ग्लिसरीनचं आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन असली विषारी द्रव्यं तयार होतात. कंट्रोल असलेलं यंत्र तिथे हात आखडतं.

“पण बाळा,” सर म्हणाले, “हा दोनशेचा आकडा तारेचा आहे. तुझ्या सेलचं तापमान कोण मोजतंय?”

भाचा गप्प झाला. मीही.

सगळी मेख इथे आहे. पडद्यावरचा आकडा वाफेच्या चवीसाठी आहे, तार करपू नये म्हणून आहे. त्या डबीच्या दुसऱ्या टोकाला जो सेल बसलेला असतो, त्याच्या पोटात काय चाललं आहे याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. ‘टेंपरेचर कंट्रोल’ हे नाव ऐकून आपण समजतो की उष्णतेवर कुणीतरी पहारा ठेवला आहे. पहारा दिंडी दरवाजावर आणि दारूगोळ्याचं कोठार मागे उघडं, अशातली गत. (इतिहासवाल्या बाईची उपमा आहे, चालवून घ्या.)

तो सेल म्हणजे लिथियम-आयन. १९९१ मध्ये सोनी कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणला. ज्या तिघा शास्त्रज्ञांनी त्याचा पाया घातला त्यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. आपला मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, विजेची स्कूटर, सगळं या एका शोधावर चाललं आहे, तेव्हा त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण त्याचा स्वभाव ओळखायला हवा. आत दोन पट्ट्या गुंडाळीसारख्या, मध्ये कागदासारखा पातळ प्लास्टिकचा पडदा, आणि सगळं भिजलेलं पेटणाऱ्या द्रवात. सुमारे १३० अंशांना तो पडदा वितळू लागतो. पट्ट्या एकमेकींना भिडल्या की उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, तिने आणखी उष्णता. एकदा हे चक्र सुरू झालं की बटण बंद करून थांबत नाही.

मोबाइलच्या बॅटरीत हे होऊ नये म्हणून एक छोटं सर्किट राखणीला बसवलेलं असतं. जास्त चार्ज झाली, शॉर्ट झाली, की ते पुरवठा तोडतं. भाच्याकडचे ते सुटे सेल मात्र बहुधा उघडेबोडके असतात. त्यांना १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल आकाराचं. या सेलचं बाहेरचं सगळं नळकांडं हेच ऋण टोक असतं, हे मला माहीत नव्हतं. वरच्या टोकापाशी धन आणि ऋण यांच्यात अंतर असतं ते नखभर. मध्ये आड काय, तर ते पातळ निळं वेष्टण आणि एक कागदी चकती. तेच फाटलेलं! असा सेल खिशात किल्ल्यांबरोबर, सुट्या नाण्यांबरोबर टाकला, की खिशातच शॉर्ट. यंत्र हातात असण्याचीही गरज नाही.

करंटचा हिशेब सरांनी तोंडी करून दाखवला. भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट. तारेचा रोध ०.२ ओहम असेल तर करंट २१ अँपियर. रोध ०.१ वर आणला, कारण मुलांना ढग मोठा हवा असतो, तर ४२ अँपियर. चांगल्या कंपनीचे सेल त्यांच्या जातीप्रमाणे दहा ते तीस अँपियर झेपवतात. बाजारात जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, नवं वेष्टण चढवलेले आणि वर हवा तो आकडा छापलेले सेल सर्रास मिळतात. आकडा छापायला काय, लग्नपत्रिकेवर वराच्या नावापुढे डिग्री छापतात तितकंच सोपं. नियंत्रण करणाऱ्या यंत्रात निदान हा हिशेब तपासणारी चिप असते. ज्या प्रकारात चिपच नसते, बटण दाबलं की सेल थेट तारेला, तो प्रकार तर घरात ठेवूच नये. दोन सेलचं यंत्र असेल तर ती जोडी एकाच वेळी घेतलेली, एकाच कंपनीची, एकत्रच चार्ज होणारी असावी लागते. एक नवा आणि एक जुना घातला तर जुना लवकर रिता होतो आणि नवा त्याला ओढत नेतो. बैलजोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको.

आणि चार्जिंग. असे सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असं ते बनवणारेच सांगतात. इंदूरचा मे, पत्र्याची खोली, बंद खिडकी. टेबलावरच्या त्या चार्जरमध्ये सेल रात्रभर असायचे, उशाला.

अशाने माणूस दगावतो का? दगावला आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एकाचा मृत्यू झाला, स्फोटातला तुकडा डोक्यात घुसून. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासात २४ वर्षांचा एक तरुण गेला. धातूच्या तुकड्याने मानेची मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती. अशा मृत्यूंची संख्या मोठी नाही. मांडीला, हाताला, तोंडाला भाजण्याचे प्रकार त्याहून पुष्कळ जास्त. आपल्याकडे वस्तूच बंदीची असल्यामुळे भाजलेला मुलगा डॉक्टरांना खरं सांगत नाही. मोबाइल फुटला म्हणतो.

पुढचे दोन दिवस माझ्या मनात एकच घोळत होतं. या मुलाला सेल कसा सांभाळावा हे शिकवणं म्हणजे त्याच्या व्यसनाला हातभार लावणं नव्हे का? परत आल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये यावरून दोन तट पडले. एक सहकारी म्हणाल्या, बंदीच्या वस्तूची काळजी कशी घ्यावी हे सांगणं म्हणजे परवानगीच. दुसरे म्हणाले, न सांगून ती वस्तू जाते का? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. आपल्या आयांनी पितळी स्टोव्ह वापरले. पंप किती मारायचा, पिन केव्हा घालायची, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही, हे प्रत्येक मुलीला दहाव्या-बाराव्या वर्षी शिकवलं जायचं. स्टोव्हचा धाक होता आणि ज्ञानही होतं. आजच्या मुलांच्या खिशात, उशाला, दप्तरात त्याहून तापट वस्तू आहे आणि आपण त्यांना फक्त ‘वाईट, वाईट’ म्हणतो. वाईट आहेच. पण ‘वाईट’ या शब्दाने फाटलेलं वेष्टण सांधत नाही.

म्हणून मी भाच्याला दोन गोष्टी सांगितल्या. सेल आज, आत्ता बाद करायचे. आणि लग्न पार पडलं की घरात स्वतःहून सांगायचं, नाही तर मी सांगेन. पहिली त्याने लगेच ऐकली, सरांच्या हिशेबाने तो खरंच हादरला होता. दुसरीला चार दिवस लावले. सांगितलं, ते वडिलांना.

वडील भडकले, यात नवल नाही. यंत्र आणि सेल उचलून ते जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात फेकायला निघाले. मी जिन्यात आडवी झाले. “भावजी, रागावा, पण तिथे टाकू नका.” कचऱ्याच्या गाडीत तो दाबला जातो. दाबला गेलेला सेल म्हणजे आतला पडदा फाटलेला सेल, आणि भोवती सगळा कागद-प्लास्टिक. कचरा गाड्यांना आणि डेपोंना अशा आगी जगभर लागतात.

आणि ते इंदूर होतं हे आमचं नशीब. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं गाव. तिथे दारात गाणं वाजवत येणाऱ्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे वेगवेगळे कप्पे असतात. गाडीवरच्या माणसाला सांगितलं तर त्याने सेल हातात घेऊन आधी दोन्ही टोकांना चिकटपट्टी आहे ना ते पाहिलं, आणि मग ई-कचऱ्याच्या कप्प्यात ठेवले. ठेवले, टाकले नाहीत. मी ज्या कॉलेजात शिकवते तिथल्या पदवीधरांपैकी कितीजणांना हे कळतं?

रिकामी डबी मात्र भाच्याने दिली नाही. “सेल नाही तर चालणार कशी, मावशी?” म्हणाला. त्यावर वाद घातला नाही. निकोटिनची सवय जिन्यातल्या भांडणाने सुटत नाही हे तंबाखूच्या मुलखातली बाई जाणते. त्याला मी एक नंबर दिला, तो इथेही देते: १८००-११-२३५६. केंद्र सरकारची तंबाखू सोडवण्याची ही मोफत सेवा आहे. मुंबईचं टाटा रुग्णालय आणि बंगळूरचं निम्हान्स यांची केंद्रं त्यात आहेत, त्यामुळे आपल्या घरांतल्या मुलांना मराठीत बोलायचं असो की कन्नडात, अडचण नको. मुलगा स्वतः फोन करील तर उत्तम. आईने त्याच्या वतीने करून उपयोग थोडा.

घरी आल्यावर हे सगळं ऐकून माझ्या कन्नड सासूबाई म्हणाल्या, “बेंकी जोडी सरसा ब्याड.” आगीशी चेष्टा नको. आणि लगेच विचारलं, मग आपल्या स्कूटरची बॅटरी जिन्याखाली चार्जिंगला का असते?

प्रश्न बिनतोड होता. मार्च २०२२ मध्ये वेल्लूरला घरात चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरला आग लागली आणि धुराने गुदमरून बाप-लेक गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात सिकंदराबादला स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली, धूर वरच्या लॉजमध्ये चढला, आठजण मेले. त्याच महिन्यात वसईला हॉलमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा भाजून गेला. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले, नव्या गाड्यांत पुष्कळ सुधारणा झाली. पण जिन्याखाली म्हणजे घराबाहेर पडायच्या एकमेव वाटेवर बॅटरी चार्ज करायची, ही सवय नियमांनी सुटत नाही. आम्ही आता अंगणातल्या पडवीत, मोकळ्या हवेत चार्ज करतो, आणि झोपण्यापूर्वी काढून ठेवतो. मोबाइल उशीखाली चार्ज करणं बंद केलं. फुगलेली पॉवर बँक मुलाने ‘अजून चालते’ म्हणून ठेवली होती, ती बाद केली. फुगलेली बॅटरी म्हणजे आत वायू धरला आहे. ती टोचायची नाही, दाबायची नाही, फ्रीजमध्येही ठेवायची नाही.

आणि पेटलीच तर? सरांना हेही विचारून घेतलं. जमलं तर आधी वीज बंद. लहान वस्तू असेल तर भरपूर पाणी, कारण नुसती ज्वाळा विझवून भागत नाही, सेल गार व्हावा लागतो. नाही तर पुन्हा पेट घेतो. स्कूटरची बॅटरी असेल तर शौर्य नको. माणसं बाहेर काढायची, दार ओढून घ्यायचं, अग्निशमन दलाला १०१. तो धूर विषारी असतो, वेल्लूरला धुरानेच जीव घेतला. भाजलं तर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. सरळ रुग्णालयात जा, आणि ‘बॅटरीने भाजलं’ हे डॉक्टरांना खरं सांगा. उपचार त्यावर ठरतात.

आता राहिला आमच्या गावचा प्रश्न. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बॅटरी कचऱ्याचे नियम केले. वापरलेली बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यात उत्पादकांवर आहे, आणि ती इतर कचऱ्यात मिसळू नये हे आपल्यावर. पण आमच्या घंटागाडीला ओला आणि सुका असे दोनच कप्पे आहेत. मोबाइलच्या दुकानात विचारलं, तो म्हणाला, कचऱ्यात टाका बाई, काय होतंय. तूर्त पडवीच्या कोपऱ्यात एका पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू भरून ठेवली आहे. त्यात ती पॉवर बँक, जुन्या मोबाइलच्या तीन बॅटऱ्या आणि शेजारच्यांनी आणून दिलेले टॉर्चचे दोन सेल आहेत, प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी लावून. महिन्यातून एक दिवस तरी गाडीला तिसरा कप्पा जोडा, असा अर्ज नगरपालिकेला दिला आहे, मराठीत एक प्रत आणि कन्नडात एक. उत्तर आलं की याच पानावर कळवीन.